चारशे मीटर

दक्षिण चिलीतल्या तेमुको शहरातून काउतिन नदी ओलांडली की पाद्रे लास कासास लागतं. त्याच्या हद्दीत डोंगरउतारावर राहुए नावाची मापुचे आदिवासींची वस्ती आहे. तिथल्या माची फ्रान्सिस्का लिंकोनाओ यांनी २००८ मध्ये शेजारच्या इस्टेटीविरुद्ध तेमुकोच्या अपील न्यायालयात अर्ज केला. माची म्हणजे मापुचे लोकांची वैदू आणि पुरोहित एकाच वेळी. बहुधा बाई, पण पुरुषही असतो. तक्रार एवढीच होती की इस्टेटवाल्यांनी डोंगरातल्या तीन पाणथळ जागांभोवतीची देशी झाडं तोडायला काढलीत, औषधं तिथेच मिळतात, आणि झाडं गेली की पाणीही जाईल. चिलीनं आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा आदिवासींविषयीचा १६९ क्रमांकाचा करार नुकताच मान्य केला होता. लिंकोनाओ यांच्या अर्जाला त्याचा आधार होता. पण निकालात त्या कराराबरोबर आणखी एक आधार आला, १९३१ च्या वनकायद्याचा. डोंगरात उगम पावणाऱ्या झऱ्याच्या वरच्या अंगाला चारशे मीटरच्या आत देशी झाड तोडायचं नाही, असं त्यात साफ लिहिलेलं आहे. २००९ च्या सप्टेंबरात त्या जिंकल्या आणि नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयानं निकाल कायम केला.

आनंदाचीच गोष्ट. तरी तो चारशे मीटरचा आकडा डोक्यातून जात नाही. त्या पाणथळीला मापुचे मेनोको म्हणतात. प्रत्येक मेनोकोला एक धनी असतो, तो दिसत नाही, पण आत पाऊल टाकण्याआधी त्याची परवानगी मागायची असते. औषधी पाला न विचारता खुडला तर त्याचा गुण येत नाही, आणि घराच्या परसात आणून लावला तरी येत नाही, कारण गुण त्या जागेचा असतो. हे सगळं कोर्टासमोर मांडलं गेलं, ऐकलंही गेलं. पण झाड वाचायला शेवटी टेप हाताशी लागली. जवळजवळ ८० वर्षं जुन्या आणि बहुतेकांनी विसरून टाकलेल्या एका सरकारी मापानं त्या धन्याच्या बाजूनं साक्ष दिली. मापुचे जमिनीच्या भांडणात हे क्वचित घडतं. एरवी सरकारी मोजणी आणि सरकारी कागद त्यांच्या विरुद्ध बाजूलाच उभे असतात.

मेनोको जवळून पाहिला तर आधी डोळ्यांना फार काही दिसत नाही. पायाखालची जमीन चुबुकचुबुक वाजते, नालकाची छत्रीएवढी पानं वाट अडवतात, नेच्यांच्या आत अंधार असतो, आणि मधे कुठेतरी पाणी वाहत नसून नुसतं पाझरत असतं. कडेला कानेलो उभा असतो, पांढऱ्या फुलांचा, सालीला तिखट वास असलेला. मापुचेंच्या पूजेत ज्याच्या डहाळीशिवाय पान हलत नाही तो हाच. त्याच डोंगराच्या पलीकडच्या अंगाला पाइनची लागवड असेल तर फरक डोळ्यांआधी कानांना कळतो. कॅलिफोर्नियातून आणलेला रादिआता जातीचा पाइन, हेक्टरी हजाराच्या वर रोपं, फूटपट्टीनं आखल्यासारख्या ओळी, खाली सुयांचा तपकिरी थर. पक्षी कमी, किडे कमी, झुडूप तर नाहीच, कारण लावणीआधी तणनाशक मारलेलं असतं. २० ते २५ वर्षांनी अख्खा डोंगर एका हंगामात साफ करतात. निलगिरी असेल तर त्याच्या निम्म्या काळात. तोडीनंतरच्या पहिल्या हिवाळी पावसात उघडी माती ओढ्यात उतरते आणि नवी रोपं जोर धरू लागली की ओढा आटायला लागतो. ही झाडं वेगानं वाढतात म्हणूनच कंपन्यांना आवडतात, आणि वेगानं वाढायचं तर वेगानं पाणीही प्यावं लागतं. लुमाको, गाल्वारिनो या किनारी डोंगररांगेतल्या तालुक्यांत एकेकाळी दलदलीला वळसा घालून जावं लागे. आता जानेवारी-फेब्रुवारीच्या उन्हाळ्यात घरोघरी टँकरनं पाणी येतं.

हा मुलूख कंपन्यांच्या हाती कसा गेला, याची साखळी लांब आहे, आणि तिची प्रत्येक कडी कागदाची आहे.

पहिला कागद मापुचेंच्या बाजूचा होता. १६४१ मध्ये किलिन इथे स्पॅनिश राजवटीनं त्यांच्याशी तह केला आणि बिओबिओ नदीच्या दक्षिणेचा मुलूख त्यांचा मानला. नव्या चिली प्रजासत्ताकानंही १८२५ मध्ये तापिउए इथे बोलणी करून हीच सरहद्द कमीअधिक मान्य केली. मग गव्हाला भाव आला. १८६१ पासून चिलीचा सेनानी कोर्नेलिओ साआवेद्राच्या फौजा किल्ल्यांची एकेक ओळ दक्षिणेकडे सरकवत गेल्या. १८८१ मध्ये तेमुकोचा किल्ला उभा राहिला, त्याच वर्षाच्या शेवटी मापुचेंचा अखेरचा मोठा उठाव झाला, आणि १८८३ मध्ये बियारिका हातात आल्यावर मोहीम संपली असं जाहीर झालं. अँडीजच्या पलीकडे अर्जेंटिनाचा जनरल रोका याच सुमारास तेच करत होता. त्याच्या मोहिमेला नाव होतं ‘वाळवंटाचा विजय’. माणसं राहत असलेल्या मुलखाला वाळवंट म्हटलं की पुढचं काम सोपं जातं.

त्यानंतर आले मोजणीदार. १८८४ ते १९२९ या काळात सरकारी आयोगानं तीन हजारांच्या आसपास सनदा दिल्या. कुटुंबप्रमुखाचं नाव, सोबतच्या माणसांची यादी, क्षेत्र, आणि चतुःसीमा: इकडे ओढा, तिकडे घळ, पलीकडे अमक्याचा वहिवाट असलेला तुकडा. एकूण क्षेत्र सुमारे ५ लाख १० हजार हेक्टर, माणसं ८० हजारांच्या वर. म्हणजे डोई सहा हेक्टर. जुन्या मुलखाच्या मानानं हा विसावा हिस्सा. परदेशातून बोलावलेल्या वसाहतवाल्या कुटुंबाला मात्र किमान ४० हेक्टर, वर मुलामागे वाढीव जमीन, बैलजोडी, फळ्या आणि खिळे. मोजणीदारांनी घर आणि पेरलेलं शेत मोजलं. जनावरांची उन्हाळी कुरणं, पेवेन वृक्षाच्या बिया गोळा करायचे डोंगर, मेनोको, देवकार्याची मैदानं हे सगळं ‘मोकळी जमीन’ ठरून सरकारजमा झालं आणि लिलावात गेलं. शिवाय १८६६ च्या कायद्याची अट होती की निदान वर्षभराची अखंड वहिवाट सिद्ध करा. नुकत्या झालेल्या लढाईत ज्यांची घरं जाळली, गुरं हाकून नेली, जे जीव वाचवायला डोंगर चढून गेले, त्यांनी अखंड वहिवाट दाखवायची. ज्या सरकारनं ती मोडली होती तेच पुरावा मागत होतं.

सनद मिळाली म्हणून जमीन टिकली असंही नाही. बांध कोरणं हा प्रकार मराठी माणसाला समजावून सांगायला नको. फक्त इथे बांध नांगराच्या तासानं न कोरता काटेरी तारेनं कोरला जाई, आणि शेजारी होता पाचशे-हजार हेक्टरचा जमीनदार. यंदा तार ओढ्याच्या अलीकडे, दोन वर्षांनी टेकडीच्या अलीकडे, आणि मग तारेच्या आतली जमीन रजिस्टर कचेरीत त्याच्या नावावर. मापुचे कोर्टात गेले तर खटला एवढा रेंगाळे की फिर्यादी मरून जाई. म्हणून १९७० च्या सुमारास काउतिन प्रांतातल्या तरुणांनी सरळ उलटा उद्योग सुरू केला. म्हाताऱ्यांनी जुनी हद्द दाखवायची, अमकं झाड, तमकी घळ, आणि रात्रीतून खांब उपटून तार तिथे नेऊन पुन्हा ठोकायची. सकाळी जमीनदार उठून पाहतो तो कुंपण मागे गेलेलं. डाव्या आयेंदेंचं सरकार आल्यावर याला एवढा जोर चढला की १९७१ च्या सुरुवातीला शेतीमंत्री झाक चोंचोल आपलं कार्यालयच काही आठवडे तेमुकोला घेऊन आला. कृषी सुधारणेत बऱ्याच इस्टेटी फुटल्या, काही जमीन परत मिळाली. सप्टेंबर १९७३ मध्ये लष्करानं सत्ता घेतली आणि कुंपणं पुन्हा सरकली. ज्यांनी खांब उपटले होते त्यांतले कित्येक मारले गेले किंवा कायमचे नाहीसे झाले.

लष्करशहा पिनोशेच्या काळातले दोन कागद समजले नाहीत तर आजचं भांडण कळत नाही. १९७४ च्या ७०१ क्रमांकाच्या वटहुकमानं झाडं लावणाऱ्याला लागवडखर्चाच्या ७५ टक्क्यांपर्यंत अनुदान आणि करसवलत दिली. कृषी सुधारणेत सरकारकडे आलेली जमीन कंपन्यांनी स्वस्तात उचलली आणि तिच्यावर सरकारच्याच पैशानं पाइन लावला. आज मात्ते घराण्याची सीएमपीसी आणि आंखेलिनी घराण्याची आराउको या दोन वनकंपन्यांकडे मिळून दहा लाखांहून अधिक हेक्टर जमीन आहे. मापुचेंना सनदांनी मिळालेल्या सगळ्या जमिनीच्या दुपटीच्या वर. (याच सीएमपीसीनं टॉयलेट पेपरच्या किमती संगनमतानं ठरवल्याचं २०१५ मध्ये उघडकीस आलं, आणि भरपाई म्हणून देशातल्या प्रत्येक प्रौढाला सात हजार पेसो द्यायचं ठरलं. मापुचेही त्यात आले. कंपनीकडून आपल्याला काही मिळालं असं पहिल्यांदाच म्हणता येईल, अशी थट्टा करायला हरकत नाही.) दुसरा कागद १९७९ चा, २५६८ क्रमांकाचा. सामाईक जमिनीवर राहणाऱ्या एकानं जरी अर्ज केला तरी सगळ्या वस्तीची वाटणी करायची. आणि वाटणी झाली की ती जमीन आदिवासींची राहणार नाही, मालकही आदिवासी मानले जाणार नाहीत. दहा वर्षांत बहुतेक सनदा फुटल्या. चार-पाच हेक्टरचे तुकडे झाले, तेही पुढच्या पिढीत आणखी फुटणार. विक्रीला २० वर्षं बंदी होती, पण भाडेपट्ट्याला नव्हती. मग तळ्याकाठच्या मोक्याच्या तुकड्यांचे ९९ वर्षांचे भाडेपट्टे झाले. कायद्याचं उल्लंघन कुठेच नाही.

लोकशाही परतल्यावर १९९३ मध्ये आदिवासी कायदा आला. आता मापुचे जमीन बिगर-मापुचेला विकता येत नाही, सरकारी परवानगीशिवाय गहाण टाकता येत नाही, हे त्याचं मोठं काम. आणि गेलेली जमीन परत मिळवायची खिडकी म्हणजे त्याचं विसावं कलम, ‘ब’ पोटकलम. ती खिडकी चालते कशी हे नीट पाहावं, कारण तिथे रांगेत उभं राहणं हेच अनेक गावांचं एका पिढीचं राजकारण झालं आहे. आधी वस्तीनं कायदेशीर ‘समुदाय’ म्हणून नोंद करायची: पात्र प्रौढांपैकी निदान एकतृतीयांश आणि किमान दहा जण हजर हवेत, समोर नोटरी किंवा नागरी नोंदणी अधिकारी किंवा नगरपालिकेचा सचिव. मग कोनादी या सरकारी महामंडळाकडे अर्ज. त्यात दाखवायचं की वादातली जमीन सनदेत होती किंवा सरकारनं पूर्वी कधी मान्य केली होती. तेमुकोच्या अभिलेखागारातून शंभर वर्षांपूर्वीचा नकाशा काढतात, आजच्या नकाशावर बसवतात. ओढ्यानं पात्र बदललेलं असतं, ज्या शेजाऱ्याच्या नावानं हद्द लिहिली त्याचं घराणं विस्मरणात गेलेलं असतं. बसला नकाशा, तर कोनादी ‘कलम लागू’ असा शेरा देते. हा शेरा म्हणजे जमीन नव्हे. आता तीच इस्टेट विकायला तयार असलेला मालक हवा, मूल्यांकन हवं, भाव जुळायला हवा, आणि त्या वर्षीच्या अंदाजपत्रकात पैसे उरलेले हवेत. सक्तीनं संपादन नाही. लुटीच्या मालाची किंमत बाजारभावानं मोजायची, आणि त्या बाजारात विकणाऱ्याला माहीत असतं की समोर एकच गिऱ्हाईक आहे आणि त्याला घाई आहे.

ही व्यवस्था कुठे कुठे मोडते, ते तिच्या बांधणीतच आहे. दहा माणसांत समुदाय उभा राहतो म्हणून भांडण झालं की एका वस्तीचे तीन समुदाय होतात आणि तिघे एकाच डोंगरावर अर्ज करतात. मालक नाही म्हणाला तर ६०-७० किलोमीटरवरची दुसरी जमीन गळ्यात मारली जाते. मग तिथल्या मूळ वस्तीशी नवं वैर, आणि आपला मेनोको मागेच राहतो. कंपनीकडून घेतलेली जमीन असेल तर बऱ्याचदा उभं लाकूड आधीच निघालेलं असतं. हाती येतात बुंध्यांनी भरलेले उतार. वनकायद्यानुसार तोडलेल्या जागी पुन्हा लागवड करायची जबाबदारी जमिनीबरोबर नव्या मालकाकडे येते, म्हणजे गहू पेरायचा तर आधी परवानगीचा खटाटोप. निलगिरीचा बुंधा तर मरतही नाही. फुटवे खुडत राहा, वर्षानुवर्षं. ट्रॅक्टर नाही, रस्ता नाही, वीज नाही. चार वर्षांनी वर्तमानपत्रात फोटो येतो की बघा, दिलेली जमीन पडीक. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे व्यवस्थेनं लोकांना शिकवलेला धडा: मुकाट रांगेत उभ्या राहिलेल्यांपेक्षा जिथे इस्टेटीत घुसखोरी झाली, पोलीस आले, बातम्या झाल्या, तिथला मालक लवकर विकायला तयार झाला. एर्सियाजवळच्या तेमुकुइकुइ गावाला मिनिंको वनकंपनीकडची अलास्का नावाची इस्टेट मिळाली ती वर्षानुवर्षांच्या झगड्यानंतरच. जमीनदारांची संघटना याला खंडणी म्हणते. त्या शब्दात तथ्य अजिबात नाही असं म्हणवत नाही. फक्त खंडणीचा रस्ता खुला ठेवून बाकीचे कुणी बंद केले, हेही विचारलं पाहिजे.

१ डिसेंबर १९९७ ला लुमाकोजवळ लाकूड वाहणारे तीन ट्रक जाळले गेले. माणूस जखमी झाला नाही. तेव्हापासून सरकारच्या लेखी जमिनीचा प्रश्न सुरक्षेचा झाला, आणि कपाटातून निघाला पिनोशेनंच १९८४ मध्ये केलेला दहशतवादविरोधी कायदा. त्याची हत्यारं अशी होती: तपास सहा महिन्यांपर्यंत बचावपक्षापासून गुप्त, खटल्याआधी लांबलचक कोठडी, दुप्पट-तिप्पट शिक्षा, आणि पडद्यामागून आवाज बदलून बोलणारे बिनचेहऱ्याचे साक्षीदार. काही साधनांनी गुन्हा केला, उदाहरणार्थ आग, तर दहशत पसरवण्याचा हेतू गृहीतच धरायचा. त्राइगेन भागातले दोन लोन्को, म्हणजे वस्तीप्रमुख, पास्कुआल पिचुन आणि आनिसेतो नोरिन, २००३ मध्ये आधी निर्दोष सुटले. सर्वोच्च न्यायालयानं तो खटला रद्द करून पुन्हा चालवायला लावला, आणि दुसऱ्या फेरीत आग लावल्याबद्दल नव्हे, तर आग लावण्याच्या धमकीबद्दल, दोघांना पाच वर्षं आणि एक दिवसाची शिक्षा झाली. या भागात काही संघटना हिंसा करतात हे ‘सर्वश्रुत’ आहे, अशा धाटणीचा युक्तिवाद निकालपत्रात होता. आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयानं २९ मे २०१४ ला नेमकं यावर बोट ठेवलं: असल्या निकालांमागे पुराव्याऐवजी समाजाविषयीचा पूर्वग्रह बोलतो आहे. सात मापुचे आणि एक बिगर-मापुचे कार्यकर्ती अशा आठ जणांच्या शिक्षा रद्द करा म्हणून सांगितलं. चिलीच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये तसं केलं. पिचुन २०१३ मध्येच वारले होते.

गोळीबाराच्या प्रकरणांत मात्र पुराव्याची एवढी घाई कुणाला दिसत नाही. आलेक्स लेमुन १७ वर्षांचा होता. नोव्हेंबर २००२ मध्ये एर्सियाजवळ मिनिंकोच्या इस्टेटीत काराबिनेरो पोलिसांची गोळी डोक्याला लागून तो गेला. लष्करी न्यायालयानं प्रकरण मिटवलं. ३ जानेवारी २००८ ला विलकुनमध्ये मातिआस कात्रिलेओ या २२ वर्षांच्या विद्यार्थ्याला पाठीत गोळी लागली. त्याच्या सोबत्यांनी त्याचा देह उचलून नेला आणि पोलिसांच्या हाती दिला नाही. पोलीस पुरावा बदलतील ही त्यांना खात्री होती. काही तासांनी चर्चच्या मध्यस्थीनं तो सुपूर्द केला. पाठीतल्या जखमेविषयी वाद राहिला नाही तो त्यामुळे. गोळी झाडणाऱ्याला तीन वर्षांची शिक्षा झाली, तीही तुरुंगाबाहेर भोगायची. त्या दिवशी मेलेल्या मित्राचं ओझं घेऊन शेतातून निघालेली ती पोरं अविश्वासानं आंधळी झाली होती, असं तेव्हा म्हणणारे होते. दहा वर्षांनी तसं म्हणायची सोय राहिली नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये ‘हुराकान’ मोहिमेत आठ मापुचे नेते पकडले गेले, पुरावा म्हणजे व्हॉट्सॲप-टेलिग्रामवरचे संदेश. सरकारी वकिलांनी फोन तपासायला दिले तेव्हा निघालं की संदेश अॅपच्या साठ्यात नाहीतच; साध्या टेक्स्ट फायली आहेत, आणि त्या फोन जप्त झाल्यावर आत आल्या आहेत. म्हणजे पोलिसांच्या गुप्तवार्ता विभागानं संवाद स्वतः लिहिले होते. जानेवारी २०१८ मध्ये खटला कोसळला, मार्चमध्ये काराबिनेरोंचा प्रमुख गेला.

आणि त्याच वर्षी, १४ नोव्हेंबरला, तेमुकुइकुइत कामिलो कात्रियांका ट्रॅक्टरवरून घरी चालला होता. वय २४. मागे १५ वर्षांचा एक मुलगा. ‘जंगल कमांडो’ म्हणून मिरवलेल्या पथकानं मागून गोळ्या झाडल्या, एक डोक्याला लागली. पहिला सरकारी खुलासा: गाडीचोरांचा पाठलाग चालू होता, चकमक झाली, चित्रण नाही. नंतर खुलासा बदलला: चित्रण होतं, पण एका शिपायानं कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड नष्ट केलं, कारण त्यात त्याचे खाजगी फोटो होते. त्यानंतर बाकीच्या कॅमेऱ्यांतले तुकडे बाहेर आले, आणि त्यांत चकमक नव्हती. गोळी झाडणाऱ्याला २०२१ मध्ये खुनाची ११ आणि मुलाच्या खुनाच्या प्रयत्नाची पाच अशी १६ वर्षं झाली. या प्रकारच्या खटल्यांत ही शिक्षा मोठीच. तरी प्रश्न पडतो की बाकीचे कॅमेरे नसते तर त्या खाजगी फोटोंवर गोष्ट संपली असती का. नखाएवढं कार्ड ते.

आता तो प्रसंग, ज्याच्याशी सरळ नजर मिळवणं जड जातं. ४ जानेवारी २०१३, कात्रिलेओच्या पाचव्या स्मृतिदिनानंतरची पहाट. विलकुनमध्येच लुखसिंगर-माकाय या वृद्ध दांपत्याचं घर पेटवलं गेलं. ते ७५ वर्षांचे, त्या ६९ च्या. दोघंही आत जळून गेले. कात्रिलेओ मारला गेला ती इस्टेट याच घराण्यातल्या दुसऱ्या माणसाची. सेलेस्तिनो कोर्दोवा या माचीला १८ वर्षांची शिक्षा झाली. जमिनीचा इतिहास कितीही मांडला तरी त्या दोन म्हाताऱ्या माणसांच्या अंगाला तो लागू करता येत नाही, आणि करू पाहणाऱ्यांशी पटत नाही. जळालेल्या ट्रकांचे चालकही मात्ते-आंखेलिनी नसतात. हप्त्यावर ट्रक घेतलेली माणसं असतात. लाकूडचोरीच्या टोळ्या चळवळीचा झेंडा लावून धंदा करतात, हेही गावातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. पण याच आगीच्या तपासात पोलीस कुणाच्या दारात गेले? राहुएच्या फ्रान्सिस्का लिंकोनाओ यांच्या. घराची झडती झाली, अटक झाली, माचीचा पेहराव आणि चांदीचे दागिने उतरवायला लावले. माचीच्या अंगावरून ते उतरवणं म्हणजे काय, हे झडती घेणाऱ्यांपैकी कुणाला माहीत नसेल असं नाही. पुढे दहशतवादी जाळपोळीच्या आरोपावरून त्यांना पुन्हा पकडलं. २०१७ मध्ये त्या निर्दोष सुटल्या, खटला रद्द होऊन परत चालला, २०१८ मध्ये पुन्हा निर्दोष सुटल्या. इस्टेटीविरुद्ध कायद्यानं जिंकलेली ही बाई. कोर्टात जा, हिंसा करू नका, असा उपदेश मापुचेंना करणाऱ्यांनी या एका चरित्राचं काय करायचं ते सांगावं.

२०२१ मध्ये त्या नवी राज्यघटना लिहिणाऱ्या सभेवर निवडून गेल्या. सात जागा मापुचेंसाठी राखीव होत्या, आणि सभेची पहिली अध्यक्ष एलिसा लोंकोन ही मापुचे भाषाशास्त्रज्ञ. चिली हे अनेक राष्ट्रांचं राज्य आहे, असं त्या मसुद्यात म्हटलं होतं. ४ सप्टेंबर २०२२ ला ६२ टक्के लोकांनी तो फेटाळला. मापुचेंच्या आराउकानिया प्रांतात तर त्याहून जास्त. मापुचेंपैकीही अनेकांनी विरोधात मत दिलं. सान्तियागोत राहणारी मापुचे मजूर बाई आणि तेमुकुइकुइचा लोन्को एकच विचार करतील, ही अपेक्षा त्यांच्या बाजूचे लोकही भाबडेपणानं करत होते.

दरम्यान ऑक्टोबर २०२१ पासून या प्रांतांत लष्कर उतरलं. राष्ट्राध्यक्ष म्हणून गाब्रिएल बोरिच सत्तेवर आल्यावर आणीबाणी उठली, आणि दोन महिन्यांत त्याच्याच सरकारनं परत लावली. तेव्हापासून ठरावीक दिवसांनी संसदेत हात वर होतात आणि मुदत वाढते. आराउको-मायेको समन्वय संघटना या सशस्त्र मापुचे गटाचा नेता एक्तोर यायतुल याला मे २०२४ मध्ये २३ वर्षांची शिक्षा झाली. चिथावणी, लाकूडचोरी आणि अधिकाऱ्यावर हल्ला हे आरोप. यायतुल बंदुकीची भाषा उघड बोलत असे, हे खरं. सीएमपीसीच्या संगनमताच्या प्रकरणात तुरुंगात कुणी गेलं नाही, हेही खरं.

२०२३ मध्ये बोरिचनं आठ जणांचा ‘शांतता आणि सामंजस्य’ आयोग नेमला. त्यात जमीनदारांच्या बाजूचे होते, मापुचे होते, उजवे-डावे होते. मे २०२५ मध्ये अहवाल आला, सात विरुद्ध एक. विसाव्या कलमाची खिडकी बंद करून जमीन परत देण्याची नवी यंत्रणा आणावी, आणि दोन्ही बाजूंच्या हिंसाचारात होरपळलेल्यांना भरपाई द्यावी, असं त्यात आहे. आयोगात वाद झाला तो सगळ्यांत जुन्या मुद्द्यावर: मोजायला सुरुवात कुठून करायची? सनदेपासून मोजलं तर देणं आवाक्यातलं दिसतं. १६४१ पासून मोजलं तर अर्धी दक्षिण हिशोबात येते. मापुचेंतले बरेच जण सनदेवर राजी नाहीत, कारण सनद म्हणजे चोरानंच लिहिलेली यादी. आणि सरकारकडे दुसरा कुठला कागदच नाही, कारण बाकीची जमीन कुणाची होती हे लिहून ठेवायची त्याला कधी गरज वाटली नव्हती. अहवालाचा कायदा व्हायचा तर आधी १६९ क्रमांकाच्या करारानुसार मापुचेंशी सल्लामसलत, मग संसद, आणि संसदेत आणीबाणीला हात वर करणारेच बहुसंख्य. तोवर खिडकी १९९३ चीच: दहा प्रौढांच्या सह्या, शंभर वर्षांचा नकाशा, आणि विकायला तयार असेल तर मालक.